तिरप्या लाटांनी घडवलेलं बेट

वाळूचं बेट म्हटलं की ओसाड रेताडच डोळ्यांसमोर येतं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या किनाऱ्यालगतचं गरी हे जगातलं सर्वांत मोठं वाळूचं बेट. लांबी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, आणि त्या वाळूत चक्क वर्षावन उभं आहे! 2023 पर्यंत नकाशावर ते फ्रेझर आयलंड होतं. मग बुचुला आदिवासींचं मूळ नाव त्याला अधिकृतपणे परत मिळालं.

एवढी वाळू आली कुठून? बरीचशी दक्षिणेकडून, न्यू साउथ वेल्समधून. तिथे लाटा आग्नेयेकडून, किनाऱ्याला तिरप्या येतात. एकच कण बघा. लाट त्याला तिरका वर ढकलते; पाणी ओसरतं ते मात्र उतारावरून सरळ खाली. त्यामुळे कण मूळ जागी न येता जरासा उत्तरेला पडतो. पुढच्या लाटेला पुन्हा तेच. वाटेवरच्या गोल्ड कोस्ट शहरापाशी अशी वर्षाला सुमारे 5 लाख घनमीटर वाळू सरकते! गरीच्या उत्तर टोकापलीकडे खंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा उथळ समुद्रतळ, अरुंद होतो आणि ती खोल समुद्रात घरंगळते.

आता खरी गंमत. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार गरीचे टेकाड 12 ते 7 लाख वर्षांपूर्वी साचले. हिमयुगांची आवर्तनं लांबली, समुद्रपातळीचे चढउतार वाढले, उघड्या पडलेल्या तळावरची वाळू हलू लागली. बेट आडवं येण्याआधी ही वाळू थेट उत्तरेला जात होती, आणि वाळूच्या माऱ्यात प्रवाळ तग धरत नाहीत. म्हणजे उत्तरेकडच्या ग्रेट बॅरिअर रीफ या प्रवाळरांगेच्या दक्षिण व मध्य भागाला हे बेटच पावलं!

हे टेकाड जागी धरतात ती झाडं. वाळूतलं खनिज उपसणं 1976 मध्ये थांबलं, लाकूडतोड 1991 मध्ये. पुढच्याच वर्षी बेट जागतिक वारसा यादीत गेलं. तरी 2020 मध्ये एका बेकायदा शेकोटीने निम्म्याहून अधिक बेट जाळलं. झाडोरा गेला की वारा टेकाड खरवडतो, आणि बुचुलांच्या पूर्वजांनी टाकलेले शिंपल्यांचे ढीगही उघडे पडतात. वणव्याआधीच थोडंथोडं गवत जाळण्याची आदिवासींची रीत म्हणूनच मोलाची. वोंगारी, म्हणजे इथले डिंगो कुत्रे, त्यांना खाऊ घालणाऱ्यांना तर जबर दंड आहे, आणि तो असायलाच हवा.

बेटावरच्या लेक मॅकेन्झी या तळ्याच्या पांढऱ्या वाळूने त्वचा तरुण होते, असंही कोणी सांगतं. ती जवळपास शुद्ध सिलिका. घासल्यावर मळ निघेल, वय नाही. तळं मात्र पावसावरच भरतं, त्यातून एकही ओढा बाहेर पडत नाही, त्यामुळे अंगावरचं सनस्क्रीन तिथेच साचतं.