गायस (रोमन पुरुषनाम)

गायस हे प्राचीन रोममधील पुरुषांचे व्यक्तिनाम (कुलनामाआधी येणारे पहिले नाव) असून लूशिअस व मार्कस यांच्याबरोबर ते सर्वाधिक प्रचारातील नावांत मोडते. प्रजासत्ताकाच्या उत्तरकाळात व्यक्तिनामे मुळात जेमतेम वीसेकच वापरात होती. मुलाचे नाव नवव्या दिवशी ठेवीत आणि थोरल्याला बहुधा बापाचेच देत. गायस जूलिअस सीझर याच्या वडिलांचे संपूर्ण नावही त्यामुळे तेच होते. नावाची व्युत्पत्ती निश्चित नाही. लॅटिनमधील ‘आनंदणे’ या अर्थाच्या क्रियापदाशी तिची घातली जाणारी सांगड ही लोकव्युत्पत्ती दिसते.

उच्चारात ‘ग’ असूनही हे नाव शिलालेखांत केवळ ‘सी’ या अक्षराने दर्शवितात. इटलीतील प्राचीन इट्रुस्कन लोकांकडून आलेल्या जुन्या रोमन लिपीत ‘क’ आणि ‘ग’ या दोन्ही ध्वनींसाठी हे एकच अक्षर होते, इ.स.पू. तिसऱ्या शतकात त्याला एक आडवी रेघ जोडून ‘जी’ हे अक्षर घडवले गेले, तरी संक्षेप मात्र जुनाच राहिला. हेच अक्षर उलटे कोरले की ‘गाया’, म्हणजे कोणतीही स्त्री, असा अर्थ होई. मालकिणीने मुक्त केलेल्या गुलामांच्या थडग्यांवर ही खूण आढळते. ‘जिथे तू गायस, तिथे मी गाया’ हे विवाहप्रसंगी वधूने उच्चारावयाचे वचन प्लूटार्क या प्राचीन ग्रीक लेखकाने नोंदवले आहे, आणि वराचे खरे नाव काहीही असले तरी वचन बदलत नसे.

इ.स. दुसऱ्या शतकातील एक थोर विधिज्ञ तर गायस एवढ्याच नावाने ज्ञात आहे. त्याच्या रोमन कायद्यावरील पाठ्यग्रंथाची जवळजवळ संपूर्ण प्रत 1816 मध्ये व्हेरोना येथे नीबूर या इतिहासकाराला सापडली. चर्मपत्रावरील मूळ मजकूर खरवडून त्यावर संत जेरोमची पत्रे लिहिलेली होती.

साम्राज्याच्या उत्तरकाळात व्यक्तिनामांची प्रथाच लोपली. मराठी बायबलमध्ये योहानाचे तिसरे पत्र ज्याला उद्देशून आहे, तो गायसच. केंब्रिजमधील एका महाविद्यालयाच्या नावात 1557 पासून गायस या नावाचे ‘सी’ने लिहिलेले रूप आहे, पण त्याचा उच्चार ‘कीज’ असा करतात. इटालियनमध्ये गायसचे रूप ‘कायो’; तिथे ‘तित्सियो, कायो आणि सेंप्रोनियो’ म्हणजे आपले सोम्यागोम्या. कायद्याच्या पुस्तकांतील उदाहरणांत तित्सियो आजही कायोला पैसे उसने देतो.