ज्वारीच्या पानातलं हिरवं कडं
ज्वारी, बाजरी, मका किंवा उसाचं पान आडवं कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, की प्रत्येक शिरेभोवती मोठ्या, गर्द हिरव्या पेशींचं कडं दिसतं. गव्हाच्या आणि भाताच्या पानात ते असं ठसठशीत दिसत नाही. ऑस्ट्रियाचे वनस्पतिशास्त्रज्ञ गॉटलिब हाबरलांट यांनी १८८४ साली या रचनेचं वर्णन केलं. कड्याच्या पेशींनी आणि बाहेरच्या पेशींनी कामं वाटून घेतली असतील का, हा प्रश्नही पुढे त्यांनीच लिहून ठेवला.

उत्तर मिळायला ऐंशी वर्षं लागली. मधल्या काळात, १९१०च्या दशकात, अमेरिकेतल्या कोलोरॅडोच्या कोरडवाहू पट्ट्यात ब्रिग्ज आणि शँट्झ या वनस्पतिशास्त्रज्ञांनी झाकणबंद कुंड्यांत पिकं वाढवून पाणी मोजलं. एक किलो कोरडा पाला-दाणा तयार करायला ज्वारीला साधारण ३२० किलो पाणी लागलं. गव्हाला ५००च्या वर, लसूणघासाला ८००च्या वर. मला हे आकडे फार मोलाचे वाटतात, कारण आपल्या कोरडवाहू शेतकऱ्याची ज्वारीची निवड किती अचूक होती, हे त्यांतून कळतं. पण या आकड्यांचं कारण पानातल्या कड्यात आहे, हे तेव्हा कुणी ओळखलं नाही.

उलगडा झाला तो साखरधंद्याच्या प्रयोगशाळांत. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ मेल्विन कॅल्विन यांनी शेवाळावर प्रयोग करून दाखवलं होतं, की हवेतला कार्बन आधी तीन कार्बनी संयुगात जातो. १९६१चं नोबेल त्यांना त्याच कामासाठी मिळालं. हवाईत उसावर तसाच प्रयोग केला, तेव्हा आधी चार कार्बनी आम्लं सापडली. कोर्टशाक, हार्ट आणि बर यांनी ते १९६५ साली प्रसिद्ध केलं. मक्यात असंच काही दिसल्याचं रशियात कार्पिलोव्ह यांनी आधीच नोंदवलं होतं. १९६६पासून ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनमध्ये हॅच आणि स्लॅक यांनी या मार्गाचे टप्पे उलगडले.

बाहेरच्या पेशी कार्बन डायऑक्साइड पकडून चार कार्बनी आम्ल बनवतात. ते कड्याच्या पेशींत जातं आणि तिथे वायू पुन्हा मोकळा होतो. कोंडलेल्या त्या जागेत वायू दाट साठतो, म्हणून साखर बनवणारं रुबिस्को हे विकर (एन्झाइम) चुकून ऑक्सिजन फारसं पकडत नाही. पर्णरंध्रं, म्हणजे पानावरची हवा आत घेणारी आणि वाफ बाहेर सोडणारी छिद्रं, कमी उघडली तरी काम भागतं, आणि तेवढंच पाणी वाचतं. शिरेतली जलवाहिनी आणि तयार साखर नेणारी रसवाहिनी कड्याला लागूनच असतात.

मग ऊस एवढं पाणी का पितो? पान उधळं आहे म्हणून नव्हे. बारा ते अठरा महिने तो शेतात उभा असतो आणि एकरी कित्येक टन वाढतो, म्हणून. या दोन गोष्टी वेगळ्या धरल्याशिवाय उसाच्या पाण्यावरची चर्चा नीट होणार नाही.

ज्वारी-उसाच्या पानातली ही कड्याची व्यवस्था भातात आणण्याचे प्रयत्न सध्या चालू आहेत. त्यातली विकरं भातात घालणं त्या मानानं सोपं. शिरा दाट करणं आणि कड्याच्या पेशी हरितलवकांनी, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या हिरव्या कणांनी, भरणं मात्र फार अवघड आहे.