७०२ अक्षरांची गैरहजेरी

बेळगाव तालुक्यातल्या येळ्ळूर, उचगाव किंवा कडोलीसारख्या गावात सातव्या महिन्याची गाभण म्हैस अचानक गाभडली, म्हणजे तिचा गर्भ पडला, की गोठ्यात पाय घसरला असेल, चाऱ्यात काही आले असेल किंवा कोणाची दृष्ट लागली असेल, अशी चर्चा सुरू होते. अडकलेली वार, म्हणजे गर्भासोबतची झार, घरातली बाई उघड्या हातांनी ओढून काढते आणि उकिरड्यावर टाकते. तिथून ती कुत्र्यांच्या तोंडून शेजारच्या गोठ्याजवळ पोचते. काही आठवड्यांनी त्याच बाईला संध्याकाळी ताप चढू लागतो, रात्री अंथरूण घामाने भिजते, कंबर आणि सांधे ठणकतात. मग टायफॉइड, मलेरिया अशा तपासण्या होतात, पण गाभडलेल्या म्हशीची गोष्ट डॉक्टरांना सांगावी, असे कोणाच्या मनातही येत नाही. या दोन्ही घटनांमागे ब्रुसेला हा एकच जिवाणू असू शकतो.

डेव्हिड ब्रूस या ब्रिटिश लष्करी डॉक्टरने १८८७ मध्ये माल्टा बेटावर तापाने मेलेल्या सैनिकांच्या प्लीहेतून हा जिवाणू वेगळा केला. तो शेळीच्या दुधातून येतो, हे तिथल्याच थेमिस्टोक्लीस झामिट यांनी १९०५ मध्ये शोधले. गायी गाभडवणारा जिवाणू डेन्मार्कच्या बर्नहार्ड बांग यांना स्वतंत्रपणे सापडला होता. तो आणि ब्रूसचा जिवाणू हे जवळचे नातेवाईक आहेत, असे अमेरिकी संशोधक ॲलिस इव्हान्स यांनी १९१८ मध्ये दाखवले, तेव्हा पुष्कळांचा त्यावर विश्वासच बसला नाही. पुढे डीएनएने मात्र त्यांचीच बाजू घेतली. २००२ मध्ये शेळ्यामेंढ्यांतल्या ब्रुसेलाचा संपूर्ण जनुकसंच वाचून झाला: दोन वर्तुळाकार गुणसूत्रे आणि डीएनएची सुमारे ३३ लाख अक्षरे. गायीतल्या आणि डुकरातल्या ब्रुसेलाचे जनुकसंच त्याच्याशी ९० टक्क्यांहून अधिक जुळले.

या वाचनात जे आढळले नाही, तेही तितकेच लक्षणीय होते. पटकी किंवा माणसांतल्या घटसर्पाचे (डिफ्थीरियाचे) जिवाणू विष सोडतात. तशा नेहमीच्या विषांची जनुके ब्रुसेलाकडे नाहीत. त्याऐवजी दुसऱ्या गुणसूत्रावर जनुकांचा एक गट आहे, जो पेशीत प्रथिने टोचणारी सुईसारखी रचना घडवतो. जंतू गिळून नष्ट करणाऱ्या आपल्याच रक्षक पेशींत हा जिवाणू शिरतो आणि या रचनेच्या साहाय्याने आत बिऱ्हाड थाटतो. औषधे म्हणूनच एकाच वेळी दोन द्यावी लागतात आणि ती साधारण सहा आठवडे चालतात. ताप उतरला म्हणून गोळ्या मध्येच थांबवल्या, तर तो उलटतो.

मग जनावराच्या गर्भाशयाचीच त्याला एवढी ओढ का? १९६० च्या दशकात ब्रिटनमधल्या संशोधकांना गायीच्या वारेत एरिथ्रिटॉल नावाची साखरेसारखी वस्तू विपुल आढळली, आणि गायीतला ब्रुसेला ग्लुकोज सोडून तीच आधी खातो, असेही दिसले. इथे लशीची गोष्ट येऊन मिळते. १९२३ मध्ये एका जर्सी गायीच्या दुधातून मिळालेला जिवाणू प्रयोगशाळेत वर्षभर साध्या तापमानात पडून राहिला आणि आपोआप सौम्य झाला. तोच ‘एस १९’, आजही वापरात असलेली लस. त्याचा डीएनए वाचला, तेव्हा एरिथ्रिटॉल पचवणाऱ्या जनुकांतून नेमकी ७०२ अक्षरे गळालेली सापडली. एवढेच त्याच्या सौम्यपणाचे कारण, असे म्हणण्याचा मोह कोणालाही झाला असता. पण ही जनुके बिघडवलेले जिवाणूही उंदरांत तग धरून राहिले, आणि २००८ मध्ये एस १९ चा पूर्ण जनुकसंच हाती आल्यावर इतरही अनेक बदल दिसले. माणसाच्या वारेत एरिथ्रिटॉल आढळले नव्हते, तरी गरोदर स्त्रीचा या आजारात गर्भपात होऊ शकतो. मला या कथेचा हा विस्कटलेला भाग तिच्या सुबक भागाहून अधिक प्रामाणिक वाटतो.

एस १९ हा जिवंत जिवाणू आहे, त्यामुळे लस टोचताना सुई स्वतःच्या बोटात घुसली, तर पशुवैद्यालाही ताप येऊ शकतो. आपल्याकडे ती चार ते आठ महिन्यांच्या कालवडींना आणि रेड्यांना, म्हणजे म्हशीच्या मादी पिलांना, आयुष्यात एकदाच देतात. दूध उकळले की ब्रुसेला मरतो; तासन्‌तास आटवलेल्या दुधाच्या बेळगावी कुंद्यातून तर त्याची भीतीच नको. खरी जोखीम वार, चिखलात पडलेला मेलेला गर्भ आणि धारोष्ण दूध यांत असते.

जनावर मात्र एका गोठ्यात राहत नाही. निपाणीजवळ घेतलेली म्हैस चंदगडला विकली जाते, आणि तिच्यासोबत जिवाणूही कर्नाटक-महाराष्ट्र सीमा ओलांडतो. ब्रुसेलाची अक्षरे फार सावकाश बदलतात, त्यामुळे तो कोणत्या कळपातून आला हे ठरवायला दोनचार जनुके पुरत नाहीत, पूर्ण जनुकसंच ताडून पाहावा लागतो. त्यासाठी म्हशीचा प्रवासही माहीत हवा. इकडच्या दवाखान्यातली नोंद कानडीत आणि तिकडची मराठीत असली, तरी तिच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा १२ आकडी क्रमांक दोन्हीकडे तोच असतो.