येवगेनी झाम्यातिन : दोन राजवटींना नकोसा झालेला लेखक

रशियन लेखक येवगेनी झाम्यातिन यांच्या मुस्कटदाबीची हकिकत सहसा सोव्हिएत काळापासून सांगितली जाते; परंतु तिची सुरुवात झारच्या अमलात झाली, आणि हे ध्यानात घेतल्याखेरीज त्यांच्या ‘आम्ही’ या कादंबरीचा रोख नीट कळत नाही. १८८४ साली लेबेद्यान येथे एका धर्मोपदेशकाच्या घरी जन्मलेले झाम्यातिन सेंट पीटर्सबर्गला जहाजबांधणीचे शिक्षण घेत असताना बोल्शेविक पक्षात दाखल झाले आणि १९०५ च्या क्रांतीत पकडले जाऊन श्पालेर्नाया रस्त्यावरील तुरुंगात त्यांनी एकांतवास भोगला. १९१४ मध्ये लष्करी जीवनावर टीका करणाऱ्या त्यांच्या कथेपायी ती छापणाऱ्या मासिकाचा अंकच जप्त झाला. पुढे १९२२ साली बोल्शेविक सरकारने त्यांना अटक केली, तेव्हा रवानगी झाली ती श्पालेर्नायाच्या त्याच तुरुंगात.

‘आम्ही’ लिहून झाली ती १९२०-२१ मध्ये. तत्पूर्वी न्यूकॅसल येथे रशियासाठी बांधल्या जाणाऱ्या बर्फफोड्या जहाजांवर त्यांनी देखरेख केली होती, त्यामुळे यंत्राची शिस्त आणि तिचे आकर्षण त्यांना आतून ठाऊक होते. कादंबरीचा निवेदक डी-५०३ हाही अभियंताच आहे. त्याच्या राज्यात घरांच्या भिंती काचेच्या आहेत, दिवसाचा प्रत्येक तास वेळापत्रकाने बांधलेला आहे आणि पडदे ओढण्यासाठीही परवाना लागतो. त्याची बंडखोर सखी त्याला शेवटची संख्या सांगायला सांगते. संख्या अनंत असतील, तर शेवटची क्रांती तरी कशी असेल, हा तिचा प्रश्न आहे. माझ्या मते कादंबरीचे मर्म येथेच आहे, कारण आपली क्रांती अखेरची मानणाऱ्या सत्तेला हा प्रश्न सोसणारा नव्हता.

मायदेशी छपाईची परवानगी मिळाली नाही. १९२४ मध्ये न्यूयॉर्कला इंग्रजी अनुवाद निघाला, तर १९२७ साली प्राग येथील ‘वोल्या रोसिई’ या स्थलांतरितांच्या नियतकालिकाने काही भाग रशियनमध्ये छापला. परदेशातील प्रकाशनाचे निमित्त करून १९२९ मध्ये पक्षनिष्ठ लेखक-संघटनेने झाम्यातिन आणि दुसरे लेखक बोरिस पिल्न्याक यांच्याविरुद्ध मोहीम उघडली. झाम्यातिन यांनी माफी न मागता अखिल रशियन लेखक संघाचा राजीनामा दिला. प्रकाशनाची दारे बंद झाल्यावर जून १९३१ मध्ये त्यांनी थेट स्टालिनला पत्र धाडले : लिहिण्याची संधी हिरावणे ही लेखकाला देहदंडाचीच शिक्षा होय, म्हणून मला परदेशी जाऊ द्यावे. लेखक मॅक्सिम गॉर्की यांनी रदबदली केली आणि परवानगी मिळाली. पॅरिसमध्ये हलाखीत दिवस काढून १९३७ साली त्यांचे निधन झाले.

जॉर्ज ऑर्वेल यांनी ‘आम्ही’ फ्रेंचमधून वाचली आणि १९४६ च्या जानेवारीत तिच्यावर परीक्षण लिहिले; त्यांची ‘१९८४’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली १९४९ मध्ये. ‘१९८४’वर असलेले ‘आम्ही’चे हे ऋण मराठी वाचकांपर्यंत पुरेसे पोहोचलेले नाही, याची खंत वाटते. संपूर्ण रशियन संहिता १९५२ साली न्यूयॉर्कमध्ये छापली गेली, तर सोव्हिएत वाचकांच्या हाती ती १९८८ मध्ये ‘ज्नाम्या’ मासिकातून आली.