पोटातलं शेवाळ कुणाचं?

ऐरोलीहून रोहित पक्षी बघायला निघालेल्या बोटीत कुणीतरी विचारतंच, ‘पाणी असं हिरवट का?’ खाडीपुरतं बोलायचं तर कारणं बरीच. पण खाडीबाहेर, उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्यात हिरवी साय धरते, तिचं प्रकरण निराळं. त्याची सुरुवात दुसऱ्याच जिवापासून होते.

थॉमस हक्सली यांनी ‘रॅटलस्नेक’ जहाजावरून पाहिलेल्या तरंगत्या रेडिओलेरियाचं, म्हणजे समुद्रातल्या एकपेशीय जिवांचं, वर्णन १८५१मध्ये छापलं. त्यात पिवळ्या पेशी होत्या. त्यांचा उलगडा व्हायला वीस वर्षं गेली. १८७१मध्ये सिएनकोव्स्की यांना दिसलं, की यजमान मेला तरी या पेशी जगतात, वाढतात. म्हणजे त्या भाडेकरू! १८८१मध्ये कार्ल ब्रांट यांनी त्यांना ‘झूझँथेला’ नाव दिलं.

आपल्या किनाऱ्यावरची नोंद १९५४ची. कालिकतजवळ समुद्र हिरवा झाला, तेव्हा आर. सुब्रह्मण्यन यांनी नॉक्टिल्युका तपासला. हा जीव मोठा झाला तर खसखशीएवढा, नुसत्या डोळ्यांनी दिसणारा, भिजल्या साबुदाण्यासारखा पारदर्शक. त्याच्या पोकळीत हिरव्या पेशी चक्क पोहत होत्या, एकेका यजमानात हजारो. नॉक्टिल्युका स्वतः शिकारी, प्रकाशसंश्लेषण त्याला येत नाही. ते काम पोटातले करतात. बाहेर शिकार, घरात शेती. सुब्रह्मण्यन यांनी या पाहुण्याला ‘प्रोटोयुग्लीना नॉक्टिल्युकी’ म्हटलं. पुढे बीट्रिस स्वीनी यांनी तो ‘पेडिनोमोनास’मध्ये हलवला, आणि २०१६मध्ये जनुकं तपासून जुनं नाव परत आलं. गंमत अशी, की सुब्रह्मण्यन यांनी त्याला युग्लीना या एकपेशीय जिवाच्या घराण्यात बसवलं होतं, तर तो निघाला हरित शैवाल. घराणं चुकलं, नाव टिकलं.

२००० नंतर नॉक्टिल्युकाची ही हिरवी साय अरबी समुद्रात वारंवार दिसू लागली आणि हिवाळ्यात डायटम नावाची सूक्ष्म शैवालं ज्या जागी माजायची तिथे पसरली. २०१४मध्ये हेल्गा गोम्स, जोआकिम गोएस आणि सहकाऱ्यांनी मांडलं, की कमी ऑक्सिजनच्या पाण्यात पोटातल्या पेशी अधिक जोमाने काम करतात. किनाऱ्यावरच्या शहरांच्या सांडपाण्याकडेही त्यांनी बोट दाखवलं. सगळ्यांना ते पटलेलं नाही: पुढे ईशान्य अरबी समुद्रात पुरेसा ऑक्सिजन असलेल्या पाण्यातही ही साय सापडली. मासळीला मात्र तिचा उपयोग थोडाच. तिच्यावर ताव मारतात ते सॅल्प नावाचे पारदर्शक समुद्री जीव आणि जेलीफिश. नवी मुंबईतल्या दिवाळे गावच्या कोळीवाड्यात त्यांना गिऱ्हाईक नाही.