स्पार्क प्लगमधून जाणारी उष्णतेची वाट

जुलैतल्या एका पावसाळी सकाळी मी डिचोलीहून बेळगावला जायला निघालो, तेव्हा साखळी ओलांडून केरीपर्यंत मोटरसायकलने काहीच तक्रार केली नाही. अंजुणे धरण मागे पडले, चोर्ला घाटाची चढण लागली, मी थ्रॉटल जरा जास्त पिळला आणि इंजिन मिसिंग करू लागले, म्हणजे मधूनमधून ठिणगी चुकवू लागले. थ्रॉटल सोडला की ते सरळ चाले, पिळला की पुन्हा झटके देई. सिलिंडरमध्ये ठिणगी पाडून पेट्रोल पेटवणारा स्पार्क प्लग महिन्याभरापूर्वीच बदललेला होता, तोही इरिडियम या धातूचे टोक असलेला, त्यामुळे त्याच्यावर संशय घ्यायला मन तयार नव्हते.

सपाटीवर नीट चालणारे इंजिन चढणीवरच का चुकते, हे समजून घेण्यासारखे आहे. १८८९ साली जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रीडरिख पाशेन यांनी दाखवून दिले की, दोन धातूंच्या टोकांमधल्या वायूतून ठिणगी उडवायला किती व्होल्टेज लागेल, हे त्या वायूचा दाब आणि टोकांमधले अंतर यांच्या गुणाकारावर ठरते. मोटरसायकलच्या इंजिनात हे अंतर, म्हणजे प्लगचा गॅप, साधारण ०.७ ते ०.९ मिलिमीटर असतो आणि तो चालता चालता बदलत नाही. बदलतो तो दाब. सपाट रस्त्यावर थ्रॉटल थोडाच उघडा असतो, सिलिंडरमध्ये हवा-पेट्रोलचे मिश्रण कमी जाते आणि दाबले गेल्यावरही त्याचा दाब बेताचा राहतो. घाटात थ्रॉटल पूर्ण उघडला की सिलिंडर भरून मिश्रण आत येते, दाब वाढतो आणि तीच फट ओलांडायला विजेला कितीतरी जास्त जोर लागतो. बॅटरीच्या १२ व्होल्टपासून इग्निशन कॉइल १० हजार ते २५ हजार किंवा त्याहूनही जास्त व्होल्ट तयार करते. पण वीज नेहमी सोपी वाट शोधते, आणि प्लगच्या बाहेरच्या बाजूने तशी वाट तिला मिळाली, तर ती आतली फट ओलांडण्याच्या फंदात पडत नाही.

माझ्या गाडीत ती वाट पाण्याने तयार केली होती. एका टपरीच्या आडोशाला थांबून इंजिन निवेपर्यंत वाट पाहिली आणि प्लगची टोपी उपसली, तर हेडमधल्या, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या झाकणातल्या, ज्या खोलगट जागेत प्लग बसतो तिथे बोटाचे एक पेर बुडेल इतके तांबूस पाणी साचलेले होते. बऱ्याच इंजिनांत या खोलगट जागेच्या तळाशी पाणी वाहून जाण्यासाठी एक बारीक भोक ठेवलेले असते. आपल्याकडच्या चिऱ्याच्या तांबड्या मातीने ते भोक गच्च बुजले होते. टपरीवाल्या मावशींकडून खराट्याचा एक हीर मागून घेतला, तो बाहेरून भोकात घातला, दोन-चार वेळा फिरवला आणि हेडच्या कडेने तांबडी धार खाली आली. प्लग काढून पाहिला, तर त्याच्या पांढऱ्या सिरॅमिकवर वरच्या टोकापासून खालच्या धातूच्या भागापर्यंत पेन्सिलीने ओढल्यासारखी एक बारीक काळी रेघ उमटली होती. ठिणगी आत उडण्याऐवजी या रेघेवरून बाहेरच्या बाहेर पळत होती. सिरॅमिक आणि टोपीचा रबर आतून-बाहेरून पुसून कोरडा केला, प्लग परत बसवला आणि गाडी बिनतक्रार घाट चढली. घरी परतल्यावर मात्र तो प्लग बदलला, कारण अशी रेघ एकदा पडली की विजेला ती वाट पुन्हा सापडते.

प्लगच्या सिरॅमिकवर गोल वळ्या का असतात, याचे उत्तरही इथेच आहे. वळ्यांमुळे टोकापासून धातूपर्यंतचे पृष्ठभागावरचे अंतर लांबते आणि विजेला बाहेरून पळणे कठीण होते. हे सिरॅमिक मुख्यतः ॲल्युमिनाचे, म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइडचे, असते आणि कोरडे असताना उत्तम विद्युतरोधक असते; त्यावर ओल आणि किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेतल्या मिठाचा थर बसला की तो गुण उणावतो. मात्र सिरॅमिक जिथे धातूच्या भागात शिरते, तिथे दिसणारे फिकट तपकिरी कडे पाहून घाबरण्याचे कारण नाही. उच्च व्होल्टेजमुळे हवेतले तेलकट कण तिथे ओढले जाऊन चिकटतात, इतकाच त्याचा अर्थ. इंजिनातून गॅस गळतो आहे असे समजून पुष्कळ लोक चांगला प्लग फेकून देतात.

आता निवडीकडे वळू. दुकानात प्लग मागितला की बोलणे लगेच धातूवर आणि किमतीवर येते, पण माझ्या मते पहिला प्रश्न उष्णतेचा असला पाहिजे. प्लगचे सिलिंडरमधले टोक फार अरुंद तापमानपट्ट्यात सुखी असते. सुमारे ४५० ते ५०० अंश सेल्सिअसच्या खाली राहिले, तर त्यावर बसणारी काजळी जळून जात नाही; आणि काजळी म्हणजे कार्बन, तो वीज वाहून नेतो, म्हणून काळा पडलेला प्लग हळूहळू ठिणगी देईनासा होतो. उलट हे टोक ८०० अंशांच्या बरेच वर गेले, तर ते स्वतःच निखाऱ्यासारखे वागते आणि ठिणगीची वेळ येण्याआधीच मिश्रण पेटवते. पिस्टन वर येत असतानाच वर आग लागलेली असते, आणि हे चालू राहिले तर पिस्टनला भोक पडण्यापर्यंत मजल जाते.

टोक या पट्ट्यात ठेवण्याचे काम उष्णतेच्या वाटेची लांबी करते. टोकाशी असलेले सिरॅमिकचे नाक लांब असेल, तर उष्णतेला धातूच्या कवचापर्यंत पोहोचायला लांबचा पल्ला पडतो, टोक गरम राहते, आणि अशा प्लगला गरम प्लग म्हणतात. नाक आखूड असेल, तर उष्णता लवकर निघून जाते; तो थंड प्लग. ठिणगी थंड किंवा गरम असण्याशी या नावांचा काही संबंध नाही. कवचापासून पुढे उष्णता आट्यांमधून आणि वॉशरमधून हेडमध्ये जाते. प्लग नीट आवळणे इतके महत्त्वाचे का, हे यातूनच कळेल: ढिला प्लग म्हणजे तुटलेली उष्णतेची वाट, आणि योग्य क्रमांकाचा प्लगही ढिला असेल तर भलताच तापतो.

ही सगळी माहिती प्लगवरच्या अक्षरांत लिहिलेली असते. उदाहरणादाखल एनजीके कंपनीचा सीपीआर८ईए-९ हा प्लग घेऊ. पहिले अक्षर १० मिलिमीटर व्यासाचे आटे दाखवते, पी म्हणजे सिरॅमिकचे नाक पुढे आलेले, आर म्हणजे आत विद्युतरोध बसवलेला, ८ हा उष्णतेचा क्रमांक, ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर आणि शेवटचा ९ म्हणजे गॅप ०.९ मिलिमीटर. यातला आर हा फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत फार महत्त्वाचा आहे. ठिणगी ही रेडिओ लहरींचा लहानसा स्फोटच असतो, आणि रोध नसलेला प्लग लावला तर त्या लहरींनी इंजिनाच्या संगणकाच्या कामात गोंधळ होऊ शकतो. आट्यांची लांबीही हुकून चालत नाही, कारण जास्त लांब प्लगवर पिस्टन किंवा व्हॉल्व्ह आदळू शकतो.

उष्णतेच्या क्रमांकाच्या बाबतीत एक सापळा आहे. एनजीकेमध्ये क्रमांक वाढतो तसा प्लग थंड होत जातो, तर बॉशमध्ये नेमके उलट, क्रमांक वाढतो तसा प्लग गरम होतो. म्हणून एका कंपनीचा क्रमांक दुसऱ्या कंपनीच्या डब्यावर शोधू नये. तुलनेचा तक्ता पाहावा. एनजीकेच्या एका पायरीने टोकाचे तापमान सुमारे ७० ते १०० अंशांनी बदलते. दूरच्या प्रवासाला किंवा घाटाला निघताना थंड प्लग लावावा असा सल्ला पुष्कळदा मिळतो. मूळ इंजिनात काही फेरफार केलेला नसेल, तर मी तो मानत नाही. चोर्ला घाटाची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर. तिथे हवा थोडी विरळ होते, एवढ्याने प्लगची पायरी बदलण्याची गरज पडत नाही. इंजिन बनवणाऱ्यांनी दिलेला क्रमांक बाजारातल्या गर्दीपासून महामार्गापर्यंतचा विचार करूनच ठरवलेला असतो. शिवाय गोव्यातली प्रवासी मोटरसायकल पावसाळ्याचे चार महिने बहुतेक घर ते बाजार एवढीच धावते, आणि असल्या छोट्या फेऱ्यांत थंड प्लगचे टोक काजळी जाळण्याइतके तापतच नाही.

धातूचा प्रश्न यानंतरचा. नेहमीच्या प्लगचे टोक निकेलच्या मिश्रधातूचे असते. निकेल १४५५ अंशांना वितळतो, प्लॅटिनम १७६८ आणि इरिडियम २४४६ अंशांना. इरिडियम इतका चिवट असल्यामुळे त्याचे टोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, सुईसारखे बारीक ठेवता येते. बारीक टोकाशी विद्युतक्षेत्र एकवटते आणि कमी व्होल्टेजमध्ये ठिणगी उडते. घाटात, भरल्या सिलिंडरमध्ये, ही सवलत उपयोगाची आहे. झीजही कमी होते. प्रत्येक ठिणगी धातूचा अतिसूक्ष्म कण घेऊन जाते, आणि ठिणग्या किती असतात पाहा: चार स्ट्रोकचे एक सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ५००० फेऱ्यांवर चालत असेल तर मिनिटाला किमान २५०० ठिणग्या, म्हणजे ताशी ६० किलोमीटरने १०,००० किलोमीटर जाईपर्यंत सुमारे अडीच कोटी. निकेलचे टोक तोपर्यंत गोलसर होते, गॅप वाढतो आणि पाशेनच्या नियमाप्रमाणे कॉइलवरचा ताण वाढत जातो. पैसे असतील तर इरिडियम घ्यावा, पण क्रमांक तोच ठेवून. आणि माझ्या घाटातल्या अनुभवाप्रमाणे, साचलेल्या पाण्यापुढे त्याचेही काही चालत नाही.

बदलण्याचे काम अर्ध्या तासाचे आहे, त्यातला निम्मा वेळ स्वच्छतेला द्यावा. इंजिन पूर्ण गार असू द्यावे, कारण गरम ॲल्युमिनियमच्या हेडमधून प्लग काढताना आटे ओरबाडले जातात. टोपी उपसल्यावर प्लगभोवतीची माती हवेच्या झोताने किंवा मऊ ब्रशने काढावी, नाहीतर प्लग सुटताच ती सरळ सिलिंडरमध्ये पडते. चिऱ्याच्या मातीत लोहाचे कठीण खनिज असते आणि ती सिलिंडरच्या भिंतीला ओरखडे पाडते. काढलेला प्लग उजेडात धरून पाहावा. फिकट तपकिरी किंवा राखाडी टोक चांगले, कोरडी मखमली काजळी असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त किंवा फेऱ्या फार छोट्या, ओला तेलकट काळेपणा असेल तर इंजिन तेल वर येत आहे, आणि पांढरेफटक, फोड आल्यासारखे टोक असेल तर प्लग किंवा इंजिन फार तापत आहे.

नवा प्लग डब्यातून काढल्यावर गॅप फीलर गेजने, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी, तपासावा. निकेलच्या प्लगमध्ये तो कमी-जास्त करायचा असेल तर फक्त बाहेरची पट्टी हलकेच वाकवावी, मधल्या टोकावर जोर देऊ नये; इरिडियमचे टोक तर ठिसूळ असते, त्याला गेजही घासू नये आणि तारेचा ब्रशही लावू नये. त्यानंतरची पायरी मला सगळ्यात मोलाची वाटते. प्लग पान्याने नव्हे, बोटांनी बसवावा. खोल जागा असेल तर प्लगच्या वरच्या टोकावर रबरी नळीचा तुकडा चढवून त्याने फिरवावा. आटे वाकडे धरले तर नळी बोटांत घसरते आणि हेड वाचते. पान्याला ही जाणीव नसते. आटे बोटांनी शेवटपर्यंत गेले, वॉशर टेकला, की मगच पाना लावावा. टॉर्क पाना, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणारा पाना, असेल तर १० मिलिमीटरच्या प्लगला १० ते १२ न्यूटन-मीटर आणि १४ मिलिमीटरच्या प्लगला २५ ते ३० न्यूटन-मीटर पुरेसे होतात. तो नसेल तर नव्या वॉशरसह साधारण अर्धा फेरा आणि जुनाच प्लग परत बसवत असाल तर वॉशर आधीच चेपलेला असल्यामुळे फेऱ्याचा जेमतेम बारावा भाग. आट्यांना ग्रीस लावण्याची सवय अनेकांना आहे. मुलामा दिलेल्या प्लगला त्याची गरज नसते, उलट आटे निसरडे झाल्यामुळे तेवढ्याच टॉर्कला प्लग जास्त आवळला जातो आणि हेडचे आटे जातात.

खंडेनवमीला गाडी धुऊन पूजेसाठी ठेवायच्या आदल्या दिवशी मी हे काम करतो, कारण तोवर पाऊस ओसरलेला असतो आणि घाटाचे लांब रस्ते खुणावू लागतात. पावसाळ्यापूर्वी, मे महिन्याच्या अखेरीस, प्लगला हात न लावता फक्त ते भोक मोकळे करतो. सीटखालच्या हत्यारांच्या पिशवीत प्लगच्या पान्याबरोबर त्यासाठीच खराट्याचा एक हीर ठेवलेला आहे.