सौद्यातलं कोपर

१० मार्च २०२०. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, ग्लेनडेलच्या कॅमलबॅक रँच मैदानावर मायकल कोपेक हा २३ वर्षांचा पिचर दीड वर्षाने सामन्यात चेंडू टाकायला उभा राहिला. समोर टेक्सास रेंजर्सचा संघ. सामना सरावाचाच होता. बेसबॉलच्या मोसमाआधी फेब्रुवारी-मार्चमध्ये सगळे संघ ॲरिझोना नाहीतर फ्लोरिडाच्या उन्हात अंग मोकळं करायला उतरतात, त्याला स्प्रिंग ट्रेनिंग म्हणतात. कोपेकने एकच इनिंग टाकली, म्हणजे समोरचे तीन बॅटर बाद होईपर्यंतच. पण त्या मोजक्या चेंडूंतले अनेक चेंडू स्पीडगनवर ताशी १०० मैलांच्या, म्हणजे १६१ किलोमीटरच्या वर गेले. शोएब अख्तरने २००३च्या विश्वचषकात १६१.३चा आकडा गाठला होता, त्याची आठवण आपण अजून काढतो. तोही लांबलचक धाव घेऊन. कोपेक जागच्या जागी एक पाय उचलून टाकत होता.

साहजिकच मथळे आले: कोपेक परतला. मला त्या मथळ्यांबद्दल थोडं भांडायचं आहे. स्पीडगन मोजते ते स्नायूंचं काम. ज्या भागासाठी हा पोरगा दीड वर्ष बाहेर बसला होता, त्याच्याबद्दल ती गन एक अक्षरही बोलत नाही.

आधी हा पोरगा तिथे कसा आला ते सांगतो. टेक्सासमधल्या माउंट प्लेझंटचा. २०१४ साली शाळा संपता संपता बॉस्टन रेड सॉक्सने त्याला ड्राफ्टमध्ये ३३व्या क्रमांकावर उचललं. ड्राफ्ट म्हणजे आयपीएलचा लिलाव नव्हे. तिथे बोली लागत नाही. संघ आपापल्या पाळीने नाव पुकारतात, आणि ज्याने पुकारलं त्याच्याकडे जायचं, नाहीतर कॉलेजची वाट धरायची. ट्रेड म्हणजे काय ते मात्र हार्दिक पंड्या गुजरातहून मुंबईत परतला तेव्हा आपल्याकडे घराघरांत कळलं. डिसेंबर २०१६मध्ये रेड सॉक्सनी शिकागो व्हाइट सॉक्सकडून ख्रिस सेल हा नावाजलेला डावखुरा पिचर घेतला आणि बदल्यात चार होतकरू खेळाडू दिले. त्या चारांतला एक कोपेक. आजचा पिकलेला आंबा घेऊन चार मोहोरलेल्या फांद्या देण्यासारखा हा व्यवहार.

ऑगस्ट २०१८मध्ये कोपेकचं मोठ्या लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगमध्ये पदार्पण झालं. पहिल्याच सामन्यात पाऊस आला आणि दोन इनिंगांत काम आटोपलं. चौथ्या सामन्यात डेट्रॉइटच्या बॅटरांनी त्याला चार होमरन (आपल्या षटकारासारखे फटके) हाणले. दोन-तीन दिवसांत एमआरआयचा निकाल आला: उजव्या कोपराचं लिगामेंट फाटलं आहे. चार सामने, आणि थेट ऑपरेशनचं टेबल. (आडनावातच ‘कोप’ आहे हा विनोद मराठी माणसालाच सुचणार. करून टाकला, आता पुढे जाऊ.)

कोपर आपटल्यावर करंट बसतो ती जागा हाताने चाचपून बघा. आतल्या बाजूला हाडाचा एक उंचवटा लागेल. तिथून निघून खालच्या हाडाला धरून ठेवणारा एक जाड पट्टा असतो. हाडाला हाडाशी बांधणारा म्हणून तो लिगामेंट, आपल्या पाठ्यपुस्तकांतला अस्थिबंध. लांबी जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटर. तुमच्या-माझ्या आयुष्यात त्याला फारसं काम नाही. भाजीची पिशवी उचलताना, कणीक मळताना तो निवांत असतो. कैऱ्यांवर नेम धरून दगड भिरकावला, तर मात्र त्याला जाग येते.

फेकणं हे हाताचं काम वाटतं, पण त्याची सुरुवात पायापासून होते. पुढचा पाय जमिनीवर रोवला जातो, कंबर फिरते, तिच्यामागून छाती, आणि हात मात्र मागेच राहतो. गोफण फिरवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही: मूठ थोडीशी फिरते आणि दोरीच्या टोकाचा दगड सुसाट निघतो. पिचरच्या बाबतीत दंड हीच दोरी. क्षणभर त्याचा हात खांद्यातून इतका मागे वळतो की तळहात आभाळाकडे बघू लागतो. खांद्याभोवतीचे स्नायू आणि कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारे पट्टे) रबरासारखे ताणले जातात आणि दुसऱ्या क्षणी सुटतात. २०१३ साली नील रोच आणि त्याच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये मांडलं की खांद्यात अशी ऊर्जा साठवण्याची सोय आपल्या पूर्वजांना सुमारे २० लाख वर्षांपूर्वी, होमो इरेक्टसच्या काळात मिळाली. चिंपांझी आपल्यापेक्षा कितीतरी ताकदवान, पण त्याची फेक ताशी तीसेक किलोमीटरची. आपल्या गल्लीतलं दहा-बारा वर्षांचं पोर त्याला हरवेल.

सुटताना त्या दंडाचा फिरण्याचा वेग सेकंदाला सुमारे ७,००० अंश असतो. मानवी शरीराच्या मोजलेल्या हालचालींत याहून वेगवान काही नाही. डोळ्यांसमोर आणायचं तर फुल स्पीडवरचा छताचा पंखा घ्या. तो मिनिटाला साडेतीनशे-चारशे फेरे घेतो. पिचरचा दंड त्याच वेगाने फिरत राहिला असता तर मिनिटाला अकराशेच्या वर गेला असता. तो तसा फिरत राहत नाही हे आपलं नशीब. सेकंदाच्या काही शतांशांत काम संपतं.

त्या क्षणी कोपर आतल्या बाजूने उघडू पाहतं, आणि ते उघडू न देणं ही त्या तीन सेंटिमीटरच्या पट्ट्याची जबाबदारी. इथे हिशोबात एक गंमत आहे. वेगवान फेकीत कोपरावर सुमारे ६४ न्यूटन-मीटरचं पीळबळ येतं, असं १९९०च्या दशकातल्या मोजमापांत दिसलं. म्हणजे कोपरापासून फूटभरावर हाताला वीसेक किलोचं ओझं बांधून त्याला आडवं ओढावं तसं. आणि मृतदेहांच्या कोपरांवर प्रयोग केले तेव्हा हेच लिगामेंट सरासरी ३२च्या आसपास तुटलं. निम्म्यावर! या गणिताने प्रत्येक पिचरचं कोपर पहिल्याच चेंडूला सुटायला हवं.

सुटत नाही, कारण त्याला शेजारी आहेत. मनगट वाकवणारे आणि तळहात पालथा करणारे स्नायू त्याच उंचवट्यापासून निघतात आणि बराचसा भार आपल्या अंगावर घेतात. शेजारी दमले की घरधन्यावर ओझं पडतं. आणखी एक अडचण: व्यायामाने स्नायू महिन्या-दोन महिन्यांत तगडा होतो, लिगामेंट नाही. रक्तपुरवठा तुटपुंजा, पेशी थोड्या, वाढ गोगलगायीची. म्हणून २०-२२ वर्षांचा पिचर जिममधून इंजिन वाढवून आणतो आणि ब्रेकची तार जुनीच राहते. २००८ साली मेजर लीगमध्ये सरासरी फास्टबॉल ताशी ९१.३ मैलांचा होता, २०२४ साली ९४.२. तीन मैल ऐकायला किरकोळ वाटतात. हा सगळ्या लीगचा सरासरी आकडा आहे, म्हणजे एकूण लीगमधली कोपरं सरासरीने जास्त पिळली जातायत. मेजर लीगनेच डिसेंबर २०२४मध्ये दुखापतींवर जो अहवाल काढला, त्यात वेगाच्या या हव्यासाकडे बोट दाखवलंय. शिवाय दुखापतींची एक लाट नेमकी स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये येते, हेही त्यात आहे. हिवाळाभर विसावलेलं अंग आणि समोर संघात जागा मिळवायची घाई.

फाटलेलं लिगामेंट शिवून भागत नाही हे फ्रँक जोब या डॉक्टरने ओळखलं. लॉस एंजेलिस डॉजर्सचा पिचर टॉमी जॉन याचं कोपर जुलै १९७४मध्ये सामन्यात गेलं. २५ सप्टेंबरला जोबने त्याच्या दुसऱ्या, म्हणजे उजव्या, मनगटातली एक कंडरा काढली, डाव्या कोपराच्या हाडांत भोकं पाडली आणि ती त्यांतून ओवली. यशाची शक्यता त्याने शंभरात एक सांगितली होती. नंतर हाताच्या नसेने दगा दिला, बोटं वाकडी झाली, दुसरं ऑपरेशन करावं लागलं. १९७५ सालचा आख्खा मोसम गेला. १९७६ साली टॉमी जॉन परतला आणि १९८९पर्यंत, वयाच्या ४६व्या वर्षापर्यंत खेळत राहिला. कारकिर्दीतल्या २८८ विजयांपैकी १६४ ऑपरेशननंतरचे. आज ते ऑपरेशन त्याच्याच नावाने ओळखलं जातं, डॉक्टरच्या नव्हे.

ती उसनी कंडरा तुमच्याकडे आहे का ते आत्ता बघता येईल. अंगठा आणि करंगळी एकमेकांना टेकवा आणि मनगट किंचित आत वाकवा. मनगटाच्या मधोमध दोरीसारखं काही वर उठलं तर ती पाल्मारिस लाँगस. नाही उठलं तरी काळजी नको. बऱ्याच जणांना ती नसतेच आणि पकडीत त्यामुळे काही फरक पडत नाही. आमच्या घरी जेवणाच्या टेबलावर ही तपासणी झाली तेव्हा माझ्या उजव्या हाताला ठसठशीत दोरी निघाली, डाव्याला काहीच नाही. ज्याला दोन्हीकडे नसते त्याच्या मांडीतली कंडरा घेतात.

खरी नवलाची गोष्ट टाके घातल्यानंतर सुरू होते. याला कलम म्हणावंसं वाटतं, पण हापूसचं कलम लावताना वरची काडी जिवंत राहावी लागते. इथे उलटं आहे. बसवलेल्या कंडरेला रक्त मिळत नाही, तिच्या पेशी पहिल्या काही आठवड्यांत मरतात. उरतो तो कोलॅजेनचा सांगाडा, काकडीच्या वेलाला घातलेल्या मांडवासारखा. हळूहळू आजूबाजूने रक्तवाहिन्या त्यात शिरतात, नव्या पेशी येऊन मुक्काम ठोकतात, जुने धागे मोडून नवे विणतात, आणि ज्या दिशेने ताण येतो त्या दिशेने ते लावून घेतात. ताणच दिला नाही तर धागे आडवेतिडवे पडतात. जास्त दिला तर अर्धवट विणलेलं फाटतं. कंडरेचं लिगामेंट व्हायला वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं. मधल्या काळात पट्टा मूळच्यापेक्षा कमजोर असतो, आणि ते खेळाडूला जाणवतही नाही. कोपर दुखत नाही, हात मोकळा वाटतो, अंगात रग असते.

म्हणून पुनर्वसनाचं वेळापत्रक भयंकर कंटाळवाणं असतं. चार-पाच महिन्यांनी पहिल्यांदा हातात चेंडू, आणि तोही ४५ फुटांवरून, मुलांशी झेल खेळावा तसा. मग ६० फूट, ९०, १२०. प्रत्येक टप्प्यावर मोजून चेंडू, मधे सुट्टीचे दिवस. माउंडच्या, म्हणजे पिचर उभा राहतो त्या उंचवट्याच्या, उतारावर चढायलाच बहुधा आठ-नऊ महिने लागतात, सामना त्याच्या बऱ्याच पुढे. शेवटचं परत येतं ते नियंत्रण. वेग आधी येतो, नेम मागाहून, हे पिचर मंडळींचं ठरलेलं रडगाणं.

यातूनच एक खुळी समजूत जन्माला आली आहे: ऑपरेशननंतर वेग वाढतो. २०१२ साली अमेरिकेत एक पाहणी झाली, तेव्हा निम्म्याहून थोडे जास्त शाळकरी खेळाडू म्हणाले की दुखापत नसतानाही खेळ सुधारण्यासाठी हे ऑपरेशन करून घ्यावं! वाढलेल्या वेगाचं श्रेय कंडरेचं नसतं. वर्षभर पाय, कंबर, पाठ यांवर जी मेहनत घडते तिचं असतं. ती मेहनत कोपर न कापताही करता येते.

आपल्याकडच्या वाचकाला ही वाट अगदी अनोळखी नाही. मे २०१९मध्ये नीरज चोप्राच्या उजव्या कोपराचं ऑपरेशन मुंबईत झालं, डॉ. दिनशॉ पारडीवाला यांनी केलं. त्याचा त्रास वेगळा होता, लिगामेंट बदलण्याची वेळ आली नव्हती. पण ८०० ग्रॅमचा भाला काय किंवा दीडशे ग्रॅमच्या आतबाहेरचा बेसबॉल काय, हात मागे ठेवून अंग पुढे नेण्याची रीत एकच. २०१९चा मोसम गेला. जानेवारी २०२०मध्ये दक्षिण आफ्रिकेत त्याने ८७.८६ मीटर फेकून टोकियोची पात्रता मिळवली. त्यानंतर दीडेक महिन्याने कोपेक ॲरिझोनात माउंडवर चढला.

आणि दोनच दिवसांत करोनामुळे सगळी शिबिरं बंद झाली. त्या मार्चमधली दुसरी बातमी मात्र मला जास्त बोलकी वाटते. ज्या ख्रिस सेलसाठी कोपेक दिला गेला होता, त्या सेलचं कोपर त्याच वसंतात गेलं, आणि ३० मार्चला त्याचंही टॉमी जॉन ऑपरेशन झालं. सव्वातीन वर्षांपूर्वी दोन संघांनी एकमेकांना दिलेल्या मालात दोन्ही बाजूंना तीच एक तार निघाली. सेल पुढे आणखी एका ट्रेडमध्ये अटलांटाला गेला आणि २०२४ साली नॅशनल लीगचा, म्हणजे मेजर लीगच्या दोन शाखांपैकी एकीचा, सर्वोत्तम पिचर ठरला.

कोपेक २०२०चा मोसम खेळलाच नाही, साथीच्या काळात त्याने नाव मागे घेतलं. २०२१ साली आला तेव्हा व्हाइट सॉक्सने त्याला बहुतेक वेळा सामन्याच्या मधल्या-शेवटच्या टप्प्यात थोड्या थोड्या इनिंगांसाठी वापरलं. वर्षभरात सत्तरच्या आसपास इनिंग आणि १०३ बॅटर स्ट्राइकआउट, म्हणजे थेट त्याच्या चेंडूंवर बाद. कोपर टिकलं. जुलै २०२४मध्ये पुन्हा ट्रेड. या वेळी तो टॉमी जॉनच्याच डॉजर्सकडे गेला आणि त्या वर्षीच्या वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेच्या, विजेत्या संघात होता. डॉजर्स आणि व्हाइट सॉक्स यांचं स्प्रिंग ट्रेनिंगचं आवार एकच आहे, कॅमलबॅक रँच. त्यामुळे २०२५च्या फेब्रुवारीत तो पुन्हा त्याच गावी, त्याच कुंपणाच्या आत आला, फक्त दुसऱ्या बाजूच्या दाराने. मोसम सुरू झाला तेव्हा त्याचं नाव दुखापतग्रस्तांच्या यादीत होतं. या वेळी खांदा.